विश्लेषण : डिझेल गाडी अडीच लाख किलोमीटर चालली, पंधरा वर्षेही भरत आली... दुरुस्त करावी की विकावी?

गॅरेजमधून फोन येतो. क्लच गेला आहे, दोन इंजेक्टर नीट काम करत नाहीत, टर्बोलाही हात लावावा लागेल, खालचा सस्पेन्शनचा आवाज वेगळाच. सगळे मिळून ९० हजार धरा. त्याच गाडीला सेकंड हँड गाड्यांचा व्यापारी 'आहे त्या स्थितीत' एक लाख देतो आहे. लाखाच्या गाडीवर ९० हजार घालायचे का? घरातले बहुतेक जण 'नको, विकून टाका' म्हणतात आणि विषय संपतो. पण इथे तुलनाच चुकते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून फारसे काही कळत नाही. तो ताडायचा असतो, ही गाडी गेल्यावर जी दुसरी दारात उभी राहील तिच्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या खर्चाशी. शिवाय या निर्णयात आरटीओच्या तारखा आहेत, न्यायालयांचे आदेश आहेत आणि विकलेली गाडी कागदावर आपल्याच नावावर राहण्याचा धोकाही आहे.

आताच इतक्या गाड्यांचा हा प्रश्न का?

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेल मात्र पूर्णपणे बाजारावर सोपवले गेले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर इतके वाढले, की रोज थोडेफार फिरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबानेही डिझेल हॅचबॅक घेतली. पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त द्यावे लागले, तरी 'अ‍ॅव्हरेज'मध्ये ते वसूल होतील हा हिशेब होता, आणि बऱ्याच जणांचा तो खराही ठरला. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०११ ते २०१४ या काळात घेतलेल्या त्या गाड्यांची मुदत २०२६ ते २०२९ या काळात संपते आहे.

दरम्यान बाजार बदलला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली आणि देशातील सर्वांत मोठ्या कार कंपनीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. छोटी डिझेल हॅचबॅक आता शोरूममध्ये जवळपास दिसतच नाही. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सेससह आधी २९ टक्के कर होता. नवी गाडी स्वस्त झाली, की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेला भाव मनात धरून बसलेल्या मालकांची व्यापाऱ्याकडे गेल्यावर निराशा होते.

दहा वर्षांची डिझेल गाडी महाराष्ट्रात बंद आहे का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बहुतेक संदेश दिल्लीचे असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षे डिझेल आणि पंधरा वर्षे पेट्रोल ही मर्यादा कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा प्रयोग दिल्लीत सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. त्यानंतर १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वय झाले म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्यात बदल झाला. आता हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच आहे.

महाराष्ट्रातील मालकाने या घडामोडींतून एक गोष्ट उचलायला हवी. 'गाडीचे वय किती' या प्रश्नाकडून न्यायालय 'गाडी कोणत्या मानकाची' या प्रश्नाकडे सरकले आहे. मुंबईतही प्रदूषणाच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये डिझेल आणि पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शक्यता तपासायला सांगितले होते. त्यावर राज्य सरकारने निवृत्त आयएएस अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. समिती म्हणजे बंदी नव्हे. पण मुंबई महानगर क्षेत्रात कधी निर्बंध आलेच, तर पहिली कुऱ्हाड बीएस-३ डिझेलवर पडेल, असे मानायला हरकत नाही.

म्हणून आरसी काढून त्यावरील उत्सर्जन मानक एकदा वाचावे. २०१० मध्ये देशातील १३ शहरांत बीएस-४ आले, त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. उर्वरित महाराष्ट्रात ते एप्रिल २०१७ मध्ये सक्तीचे झाले. त्यामुळे २०१२ मध्ये पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-४ आणि साताऱ्यात नोंदलेली तिची जुळी बहीण बीएस-३ असू शकते. गाव-तालुक्यात फिरणाऱ्याला आज याने काही फरक पडत नाही. ठाण्या-मुंबईत रोज जाणाऱ्याला मात्र पुढच्या पाच वर्षांचा पैसा लावताना पडतो.

पंधरा वर्षे भरल्यावर आरटीओत काय लागते?

नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे लोकांच्या भाषेत 'पासिंग'. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि उत्तीर्ण झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी याचे शुल्क पाच हजार रुपये आहे, पूर्वी ते ६०० होते. उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये जादा. गाडी वीस वर्षांची झाल्यावर हेच शुल्क दहा हजार होते. ही वाढ ऑगस्ट २०२५ ची. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे, डिझेल मोटारीला पाच वर्षांसाठी साडेतीन हजार रुपये. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. प्लेट नसेल तर आरटीओत मालकी हस्तांतरणासारखी कामेही अडतात.

बेरीज केली तर ही रक्कम गाडी विकायला लावण्याइतकी मोठी नाही. तारखेचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते कारण मिळते. आणि विकायला गेल्यावर, मुदत दोन महिन्यांवर आलेली गाडी व्यापारी जवळपास भंगाराच्या भावात मागतो, तर नुकतीच पासिंग होऊन पाच वर्षे मिळालेली तीच गाडी गिऱ्हाईक वेगळ्या नजरेने पाहते. म्हणून विकायचे असो वा ठेवायचे, निर्णय मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी व्हायला हवा.

गॅरेजच्या 'एस्टिमेट'मध्ये काय वाचायचे?

अडीच लाख हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण डिझेल इंजिनाला तो शेवटचा थांबा नव्हे. वेळेवर ऑइल बदललेले, महामार्गावर धावलेले इंजिन तीन-साडेतीन लाखांपर्यंत न उघडता जाते. शहरात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारलेले इंजिन दीड लाखातच थकते. त्यामुळे मीटरपेक्षा सर्व्हिसची बिले जास्त खरे सांगतात. मीटर मागे फिरवणे सेकंड हँड बाजारात नवे नाही.

एस्टिमेटमधील कामे दोन ढिगांत वेगळी करावीत. एक ढीग झिजण्याचा. क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक, टायर, बॅटरी, अल्टरनेटर, इंजिन माउंटिंग. ही कामे कुठल्याही गाडीत येणारच आणि एकदा केली की काही वर्षे पाहावे लागत नाही. दुसरा ढीग इंजिनाच्या पोटातला. कॉम्प्रेशन कमी होणे, रिंगा झिजणे, हेड गॅस्केट जाणे, ऑइल प्रेशर पडणे. पहिल्या ढिगाचा खर्च ९० हजार असला तरी घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या ढिगातील ३० हजारांचे काम मात्र बऱ्याचदा लाखाच्या कामाची पहिली पायरी असते.

इंजेक्टर आणि टर्बो या दोहोंच्या मध्ये येतात आणि अंदाज चुकतो तो इथेच. कॉमन रेल डिझेल गाडीत इंधन हजार बारहून अधिक दाबाने सिलिंडरमध्ये फवारले जाते. तुलनेला, मोटारीच्या टायरमधला दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो. इतक्या दाबाखाली डिझेलमधला बारीक कचरा किंवा पाणीही नोझलची भोके खराब करते. पण चारही इंजेक्टर एकदम बदलण्याआधी त्यांची रिटर्न टेस्ट करता येते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल छोट्या बाटल्यांत गोळा करायचे; ज्याची बाटली सर्वांत आधी भरते, तो गळका. अनेक ठिकाणी बॉश किंवा डेल्फीचे काम करणारे पंप-नोझलवाले असतात, ते इंजेक्टर बाकावर तपासून आणि शक्य असेल तिथे उघडून दुरुस्तही करून देतात. नव्या इंजेक्टरच्या तुलनेत हा खर्च पुष्कळ कमी.

टर्बोचेही तसेच. पिकअप गेला, काळा धूर आला, की 'टर्बो गेला' असे निदान होते. बऱ्याचदा टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप चिरलेला असतो. तो काही हजारांत बदलतो. टर्बो खरोखर गेला आहे का, हे पाइप काढून, शाफ्ट बोटाने हलवून, त्याला किती खेळ आहे ते पाहून कळते. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त : चोक झालेला एअर फिल्टर, अडकलेला ईजीआर, इंजेक्टर, चिरलेला पाइप. ही कामे आटोक्यातली. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचे सील. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होत जाणे, ही हेडची शंका.

दुसऱ्या ढिगाचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टने लागतो. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिनात दम आहे. एकच सिलिंडर खूप खाली असेल, चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढल्यावर आतून जोरात वाफाळा येत असेल, दर हजार किलोमीटरला ऑइल घालावे लागत असेल, तर मामला बोअर-पिस्टनपर्यंत जाणार. ही तपासणी करायला काही हजार रुपये आणि एक दिवस लागतो. ९० हजारांचा निर्णय घेणारे बहुतेक लोक हा एक दिवस वाचवतात, हे आश्चर्यच.

इंजिनाचे कूळही पाहावे. त्या काळातल्या अनेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये फियाटच्या रचनेचे १.३ लीटर इंजिन होते. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये तेच, टाटाच्या व्हिस्टा-मांझामध्येही तेच. त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतात. त्यात टायमिंग चेन आहे. जुन्या इनोव्हाच्या २.५ लीटर इंजिनात मात्र टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि चालता चालता तुटला, तर व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर होऊन चांगले इंजिनही उघडावे लागते. ज्या कंपनीने देशातून काढता पाय घेतला आहे, तिच्या गाडीत इंजिन ठणठणीत असूनही एखाद्या सेन्सरसाठी गाडी महिनाभर उभी राहू शकते. अशा गाडीचा हिशेब वेगळाच करावा.

आकडे मांडले तर काय दिसते?

समजा, साताऱ्यातील एका कुटुंबाकडे २०११ ची १.३ लीटर डिझेल हॅचबॅक आहे, २ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. कॉम्प्रेशन ठीक आले. एस्टिमेट ९० हजार. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

ठेवली तर : दुरुस्ती ९० हजार, पासिंग, पर्यावरण कर, नंबर प्लेट आणि तपासणीसाठीची किरकोळ कामे १२ हजार, पुढची चार वर्षे दरसाल २५ हजार देखभाल म्हणजे एक लाख. आज मिळणारे एक लाख सोडले, तेही खर्चातच धरायचे. चार वर्षांनी गाडीचे ४० हजार येतील, ते वजा. एकूण २ लाख ६२ हजार.

विकून सहा-सात वर्षांची पाच लाखांची पेट्रोल हॅचबॅक घेतली तर : जुन्या गाडीचे एक लाख घातले, उरलेल्या चार लाखांचे १२ टक्क्यांनी चार वर्षांचे कर्ज, त्याचे व्याज सुमारे १ लाख ५ हजार. देखभाल दरसाल १२ हजार, म्हणजे ४८ हजार. चार वर्षांनी गाडी अडीच लाखांची राहील, म्हणजे घसारा अडीच लाख. एकूण ४ लाख ३ हजार.

फरक १ लाख ४१ हजारांचा, आणि तो दुरुस्तीच्या बाजूने. इंधन अजून धरलेले नाही. डिझेल ९० रुपये आणि २० चे अ‍ॅव्हरेज, पेट्रोल १०४ रुपये आणि १६ चे अ‍ॅव्हरेज धरले, तर दर किलोमीटरला साडेचार विरुद्ध साडेसहा रुपये. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे चार वर्षांत आणखी १ लाख २० हजार वाचतात. 'लाखाच्या गाडीवर ९० हजार' हे ऐकायला मूर्खपणाचे वाटते, पण कागदावर ते स्वस्त पडते. दुसरी गाडी फॅक्टरी सीएनजी असेल तर इंधनातील ही आघाडी बरीचशी जाते, हेही खरे.

आता दुसरी बाजू. ठेवलेल्या गाडीत दोन वर्षांनी एक लाखाचे इंजिन काम निघाले, तर १ लाख ४१ हजारांची आघाडी ४१ हजारांवर येते. तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये, त्या काळात भाड्याची गाडी, रजा, घाटात बंद पडलेल्या रात्रीचा टोइंगचा खर्च, आघाडी संपली. म्हणून कॉम्प्रेशन टेस्टला इतके महत्त्व. ती १ लाख ४१ हजारांची रक्कम म्हणजे खरे तर जोखीम घेण्याची किंमत आहे. इंजिन चांगले असेल तर ती खिशात राहते, नसेल तर इंजिनात जाते.

आणि वर्षाला चार हजारच किलोमीटर फिरणाऱ्यांचे काय? ठेवलेल्या गाडीचा खर्च वर्षाला साडेपासष्ट हजार, म्हणजे किलोमीटरला सोळा रुपयांहून जास्त; डिझेल धरून जवळपास एकवीस, विमा वेगळाच. या दरात लग्नकार्याला, गावाला जाताना चालकासह गाडी भाड्याने मिळू शकते. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, घरी दोघेच राहिले, गाडी आठवड्यातून एकदा चालू करून बॅटरी जिवंत ठेवायची, अशी परिस्थिती असेल तर ती गाडी दुरुस्त करणेही चूक आणि बदलून नवी घेणे त्याहून मोठी चूक.

पैसे असूनही कोणत्या गाडीवर घालू नयेत?

जिचा पत्रा गेला आहे. इंजिन, गिअरबॉक्स, इंजेक्टर, सगळे बदलता येते. सडलेली बॉडी परत नवी होत नाही. कोकणात, खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी वरून रंगवलेली चकचकीत दिसते. ती रॅम्पवर चढवून खालची फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडले जाते त्या जागा टॉर्चने पाहाव्यात. तिथे स्क्रूड्रायव्हर आत जात असेल, तर पुढचे एस्टिमेट पाहायची गरजच नाही. पुराच्या पाण्यात बुडून गेलेली गाडीही याच यादीत, तिची वायरिंग वर्षानुवर्षे त्रास देते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. चालकासाठी एअरबॅग देशात सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, एबीएसही त्याच वर्षी. २०११ च्या बहुतेक बेस मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत कदाचित हे चालून जाईल. पण मुलीला घेऊन दर शनिवारी पुणे-बेंगळुरू महामार्गावर शंभरच्या वेगाने जायचे असेल, तर किलोमीटरमागचे दोन रुपये वाचवण्याचा हिशेब तिथेच थांबवलेला बरा. वरच्या तक्त्यात या ओळीला रकाना नाही.

विम्याचेही पाहावे. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या अपघाताच्या दुरुस्तीत धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायरवर वयाचा विचार न करता ५० टक्के. म्हणजे सर्वंकष पॉलिसी असली तरी बोनेट-दरवाजाच्या बिलातला निम्मा भाग मालकाच्याच खिशातून. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचा प्रश्न पुढे येईल तो वेगळा असेल. त्यांत धूर गाळणारा डीपीएफ आहे, शहरी फेऱ्यांत तो तुंबतो, आणि तो काढून टाकण्याचा गॅरेजमधला 'सोपा उपाय' बेकायदा आहे.

विकायचे ठरले तर आधी काय दुरुस्त करावे?

फार काही नाही. नवा क्लच टाकल्याचे ३० हजार गिऱ्हाईक क्वचितच परत देते. धुलाई, बॅटरी, पीयूसी, नंबर प्लेट, चालू विमा, थकलेले ई-चलन भरणे आणि कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवणे, एवढ्यावर भाव दिसतो. सर्व्हिसची बिले एका फाइलमध्ये लावून ठेवली तर आणखी. खासगी व्यक्तीने आपली जुनी गाडी विकली तर तिला जीएसटी लागत नाही. जानेवारी २०२५ पासूनचा १८ टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे. कुणी 'जीएसटी कापून' भाव सांगत असेल तर ती घासाघीस आहे, कर नव्हे. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नये. तो मालकाचा असतो, कंपनीकडून पत्र घेऊन पुढच्या गाडीला लावता येतो.

अगदीच चालण्याजोगी नसेल तर मोडीत काढण्याचा मार्ग आहे, पण तो नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातूनच. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळते. ते दाखवून नवी गाडी घेतल्यास नोंदणी शुल्क माफ होते आणि खासगी गाडीच्या मोटार वाहन करात केंद्राच्या नियमानुसार २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार आणि सवलत फार तर २२ हजार. नाक्यावरच्या भंगारवाल्याने दोन हजार जास्त दिले तरी हा कागद तो देऊ शकत नाही. गाडीचे तुकडे होतात, पण आरटीओच्या नोंदीत ती तुमच्याच नावावर जिवंत राहते.

गाडी दिल्यावर जबाबदारी संपते का?

पैसे हातात आले, चावी दिली, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या. राज्यात निम्मे व्यवहार असेच होतात, असे कुठलाही आरटीओ एजंट सांगेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ते झाले नाही, तर? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात याचे उत्तर स्पष्ट दिले. त्या गाडीची नोंदणीकृत मालकाने विक्री केली, ती पुढे आणखी काही जणांच्या हातांत गेली, आणि मग अपघात झाला. आरसीवर नाव पहिल्याचेच होते. भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली. एक लाखाला विकलेल्या गाडीमुळे लाखोंची भरपाई आणि वर्षानुवर्षे न्यायालयाच्या फेऱ्या, असे हे गणित आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली गाडीही अशीच अनेक हातांतून गेलेली होती. पोलिसांची चौकशी आधी कागदावरच्या मालकापर्यंत पोहोचली.

व्यापाऱ्याला विकताना एक नवी सोय आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापारी फॉर्म २९ सी द्वारे गाडी ताब्यात घेतल्याचे ऑनलाइन कळवतो. पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो 'मानीव मालक' ठरतो आणि जबाबदारीही त्याच्याकडे जाते. त्यासाठी त्या व्यापाऱ्याकडे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र हवे. ते मागितले की बरेच जण विषय बदलतात. अशा ठिकाणी पाच हजार कमी घेऊन प्रमाणपत्रवाल्याला गाडी देणे स्वस्त पडते.

गाडी देताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख आणि वेळ टाकलेली डिलिव्हरी पावती घ्यावी, फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. हस्तांतरणाचा अर्ज ऑनलाइन भरला की मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे आरसीशी जोडलेला क्रमांक आपलाच आणि चालू आहे ना, हे सौद्याच्या आधी तपासावे. आणि महिनाभराने एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का ते पाहावे. नसेल बदलले, तर फॉर्म २९ आणि पावतीची प्रत जोडून आरटीओत लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.